नियमाच्या आत, खेळाच्या बाहेर

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाची अंतिम कुस्ती पृथ्वीराज मोहोळ आणि शिवराज राक्षे यांच्यात झाली. राक्षे चीतपट झाल्याचा निकाल पंचांनी दिला. खांदे टेकलेच नाहीत, चित्रीकरण पुन्हा पाहा, असे राक्षेचे म्हणणे होते. वाद चिघळला आणि आधी हा किताब जिंकलेल्या या मल्लाने पंचांची कॉलर धरून त्यांना लाथ मारली. त्यानंतर मोहोळ आणि सोलापूरचा महेंद्र गायकवाड यांच्यात किताबाची लढत झाली. तिथेही पंचांच्या निर्णयावर चिडून गायकवाडने शेवटच्या क्षणांत मैदान सोडले. राज्य कुस्ती संघटनेने दोघांवर तीन वर्षांची बंदी घातली. पुढचे काही दिवस महाराष्ट्रात एकच चर्चा होती, मल्लांची खिलाडूवृत्ती कुठे गेली? पंचावर हात उचलणे अक्षम्यच आहे, त्यात वाद नाही. पण या सगळ्या चर्चेत खिलाडूवृत्ती मागितली गेली ती फक्त लांग कसलेल्या माणसाकडून. नियम करणारे, संघ निवडणारे, स्पर्धा भरवणारे यांच्याकडे ती कोणी मागितली नाही. माझे म्हणणे असे की खेळभावनेचे पहिले देणे त्यांच्याकडे आहे. त्यांनी ते चुकवले, तर खेळाडूकडून त्याची वसुली करता येत नाही.

खेळभावनेचा विषय निघाला की दाखला गोल्फचा देतात. आमच्या हिंगोली जिल्ह्यात गोल्फ खेळणारा माणूस शोधावा लागेल, तरी हा दाखला नीट तपासण्यासारखा आहे. गोल्फमध्ये प्रत्येक खेळाडूच्या मागे पंच नसतो. मैदान पसरलेले, चेंडू कधी झाडीत, कधी वाळूत. तो हलला की नाही हे पुष्कळदा खेळणाऱ्यालाच ठाऊक असते. म्हणून स्वतःची चूक स्वतः सांगून दंड घ्यायचा, हा तिथला लिखित नियमच आहे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या हिल्टन हेडच्या स्पर्धेत इंग्लंडचा ब्रायन डेव्हिस जिम फ्युरिकशी बरोबरी फोडण्याची लढत खेळत होता. पीजीए टूरवर तोवर एकही विजय त्याच्या नावावर नव्हता. फटक्यासाठी काठी मागे नेताना ती एका वाळक्या काडीला लागली असावी, अशी शंका येताच त्याने स्वतः अधिकाऱ्याला बोलावले. चित्रीकरणात ते खरे निघाले, दोन फटक्यांचा दंड बसला आणि स्पर्धा हातची गेली. ही गोष्ट सांगणारे बहुतेक इथेच थांबतात आणि गोल्फवाले मुळातच सज्जन, असा निष्कर्ष काढतात. मला तो पटत नाही. त्याच खेळात २०१७ साली लेक्सी थॉम्पसनच्या बाबतीत काय घडले ते पाहा. चेंडू उचलून परत ठेवताना तो किंचित चुकीच्या जागी ठेवला गेल्याचे टीव्हीवर पाहणाऱ्या कुणीतरी ईमेलने कळवले, तेही दुसऱ्या दिवशी. चुकीच्या जागेवरून खेळल्याचे दोन आणि चुकीच्या गुणपत्रिकेवर सही केल्याचे दोन, असे चार फटके आघाडीवर असलेल्या थॉम्पसनच्या माथी मारले गेले आणि ती शेवटी हरली. नियमाच्या अक्षराला धरूनच सगळे झाले होते. तरीही खेळाच्या चालकांनी हे चुकते आहे हे ओळखले आणि २०१८ च्या सुरुवातीपासून घरबसल्या प्रेक्षकांच्या तक्रारी घेणे बंद केले. नकळत झालेल्या चुकीपायी गुणपत्रिकेचा जादा दंडही काढून टाकला. खेळाडू प्रामाणिक राहतो, कारण नियम अन्यायाचा ठरला तर तो बदलणारी व्यवस्था मागे उभी आहे असा त्याला भरवसा असतो. डेव्हिसच्या गोष्टीतला हा भाग सांगितला जात नाही.

आता आपल्याकडे वळू. मराठवाड्यातल्या जत्रेच्या फडात लिहिलेला नियम जवळपास नसतो. हलगी वाजते, पंच मंडळी दोन गड्यांच्या अंगाकडे पाहून जोड लावतात, नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात होऊन दिवस कलताना मानाची कुस्ती होते. वजनकाटा नाही, गुणफलक नाही. पाठ टेकली की निकाल, नाहीतर बराच वेळ झटापट करून बरोबरीत सोडवायची. एवढ्या तुटपुंज्या कायद्यावर हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालला, कारण जोड बरोबरीची लावायची ही जबाबदारी पंचांची आहे आणि ती सगळ्या गावासमोर पार पाडावी लागते. थोराड गड्यापुढे पोरगेला मल्ल उभा केला, तर फडच ओरडतो. अर्थात हा फड म्हणजे काही धर्मसभा नव्हे. गावच्या पैलवानाकडे पंचांचा कल झुकतो, इनामावरून भांडणे होतात आणि नुरा कुस्तीही याच मातीतली आहे. आधी ठरवून लढायचे, डाव-प्रतिडाव दाखवायचे, बरोबरीत सुटायचे आणि इनाम वाटून घ्यायचे. यात फडाचा कोणता नियम मोडला? एकही नाही. तरी नुरा खेळणाऱ्याबद्दल वस्ताद ज्या तिरस्काराने बोलतात, तसे ते चिडून मुसंडी मारणाऱ्या मल्लाबद्दल बोलत नाहीत. नियमात राहूनही खेळाचा घात होऊ शकतो, हे मातीतल्या माणसाला कोणी शिकवावे लागलेले नाही.

नुरा निदान ओळखू येते. कागदोपत्री चोख असलेला घात ओळखणे अवघड, आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्याला तोच जास्त जाचतो. महाराष्ट्र केसरीत जिल्हे आणि शहरे आपापले संघ माती आणि गादी या दोन विभागांत उतरवतात. शिवराज राक्षे मूळचा पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्याचा. तो खेळला आमच्या शेजारच्या नांदेडकडून. सिकंदर शेख सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळचा. जानेवारी २०२३ च्या स्पर्धेत तो वाशीमकडून उतरला. म्हणजे हिंगोलीच्या दोन बाजूंच्या दोन जिल्ह्यांची नावे गाजली ती पश्चिम महाराष्ट्रातल्या तालमींत घडलेल्या मल्लांमुळे. या दोघांना दोष देण्याचे कारण नाही. पुणे, कोल्हापूर, सोलापूर इथे एकेका जागेसाठी तगड्या मल्लांची रांग असते. संधी जिथे मिळेल तिथून लढावे, हे त्यांचे शहाणपण. व्यवस्थेनेच ती वाट मोकळी ठेवली आहे. पण जिल्हानिहाय संघ कशासाठी असतात? सेनगाव किंवा कळमनुरीच्या पोराला राज्याच्या आखाड्यापर्यंत एक तरी दार उघडे असावे म्हणूनच ना? ते दार बाहेरच्या तयार मल्लासाठी वापरले गेले की नियम शाबूत राहतो आणि नियमाचे प्रयोजन मरते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा : खेळभावना ही हवेतली गोष्ट, नियमात जे बसते ते चालणारच, आवडत नसेल तर नियम बदला. अर्धा आक्षेप मला मान्य आहे. अस्पष्ट भावनेच्या नावाखाली कसा अन्याय होतो, याचा इतिहास क्रिकेटमध्ये आहे. १९४७ च्या डिसेंबरात सिडनीला विनू मंकडने चेंडू टाकला जाण्याआधी क्रीज सोडणाऱ्या बिल ब्राउनला धावचीत केले. ते नियमाला धरून होते, खुद्द ब्रॅडमनने मंकडची बाजू घेतली. तरी फायदा घेणारा फलंदाज सुटला आणि बदनामी चिकटली गोलंदाजाच्या नावाला. हा प्रकार ‘अनुचित खेळ’ या प्रकरणातून काढून साध्या ‘धावचीत’च्या कलमात घालायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. तेव्हा नियम बदला हे खरेच. पण बदलायचे कोणी? ते हक्क ज्यांच्या हाती आहेत ते हलले नाहीत, तर ‘नियमात बसते’ हे वाक्य त्यांच्या सोयीचे होऊन बसते. आणि कुस्तीचे कारभारी कशात गुंतले होते? नोव्हेंबर २०२३ मध्ये संघटनेतल्या दुफळीपायी एकाच महिन्यात पुण्याजवळ फुलगावला आणि धाराशिवला दोन वेगवेगळ्या महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाल्या. जानेवारीतली धरली तर वर्षात तीन. किताबाचे मोल जपणे ज्यांचे काम, त्यांनीच ते असे वाटून टाकले; वर मल्लाला संयमाचे धडे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. क्रिकेटपटू विश्वनाथसारखा मोठेपणा परवडतो कोणाला? १९८० च्या फेब्रुवारीत वानखेडेवरच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत पंचांनी बाद दिलेल्या इंग्लंडच्या बॉब टेलरला भारताचा कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथने परत बोलावले. टेलर आणि बोथम यांची मोठी भागीदारी झाली आणि भारत दहा गडी राखून हरला. विश्वनाथच्या नावाला त्याने उजाळाच मिळाला. पण खुराकासाठी घरची जमीन गहाण टाकणाऱ्या बापाच्या पोराला असा पराभव झेपत नाही. महाराष्ट्र केसरीमागे गदा असते, चारचाकी असते आणि नरसिंग यादव, विजय चौधरी यांच्यासारखी पोलीस खात्यातली नोकरी मिळण्याची आशाही असते. चुकलेल्या एका निकालाने आयुष्याची दिशा फिरते. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, पण त्यातून माझ्याच मुद्द्याला बळ मिळते. ज्याचे सर्वस्व पणाला लागले आहे, त्याने शांत राहावे असे वाटत असेल, तर निकालाबद्दल त्याची खात्री पटवण्याची तजवीज आधी हवी. गोल्फपटूला हरताना नियम आपल्याला फसवत नाही एवढा विश्वास तरी असतो. आपल्या मल्लाला तो द्यायला नको का?

तिसरे कोणी म्हणेल, बाहेरचा मल्ल आला तर जिल्ह्याचे नाव होते, पोरांना ईर्ष्या मिळते. नाव होते खरे, वर्तमानपत्रात दोन दिवस. तो मल्ल वसमतच्या किंवा औंढ्याच्या तालमीत वर्षभर राहून सराव करणार असेल, पोरांशी लढत करणार असेल, तर त्याचे स्वागतच करू. निवड चाचणीपुरता येऊन जाणाऱ्याकडून ईर्ष्येपेक्षा निराशाच मिळते.

१ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला हिंगोली हा लहान जिल्हा आहे. पाच तालुके, थोड्या तालमी. एवढ्याशा ठिकाणी बदल सुरू करणे अवघड नाही. जिल्ह्याकडून खेळायचे तर त्या जिल्ह्यात किमान दोन वर्षे रहिवास किंवा सराव झालेला असावा, अशी अट राज्य संघटनेने घालावी, आणि ती येईपर्यंत हिंगोलीने आपल्या निवड चाचणीत ती आपणहून पाळावी. किताबाच्या लढतीत चितपटीचा निकाल चित्रीकरण दाखवून, कारण सांगून जाहीर व्हावा. पंचांना मारहाण झाली तर बंदी हवीच. पंचांचा निर्णय उघड चुकला तर त्याचीही चौकशी तितक्याच जाहीरपणे व्हावी. जिल्ह्यातल्या वस्तादांनी आणि तालमींच्या चालकांनी येत्या निवड चाचणीआधी एकत्र बसून ही मागणी लेखी करावी आणि तिच्यावर सह्या कराव्यात.