झाकण तरंगते, बाटली बुडते

पाण्याची किंवा सरबताची एक रिकामी बाटली घ्या. तिच्या अंगाचा बोटभर तुकडा कात्रीने कापा आणि झाकणाचाही एक तुकडा कोणा मोठ्या माणसाकडून कापून घ्या. दोन्ही तुकडे बादलीतल्या पाण्यात टाका, बोटाने खाली दाबून त्यांना चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकून टाका आणि मग सोडून द्या. झाकण वर येईल, बाटलीचा तुकडा मात्र तळाशी जाईल. दोन्ही प्लॅस्टिकच, मग एक तरंगते आणि एक बुडते ते का?

कारण ‘प्लॅस्टिक’ हे एका पदार्थाचे नाव नाही. आपण ‘धातू’ म्हणतो, त्यात लोखंड आले, तांबे आले, ॲल्युमिनिअमही आले. तसेच हे आहे. सगळ्या प्लॅस्टिकांचे रेणू लांबलचक साखळ्यांचे असतात एवढेच त्यांच्यात समान. साखळीची कडी कोणती, यावर त्या प्लॅस्टिकचा स्वभाव ठरतो. झाकण पॉलिप्रॉपिलीनचे किंवा पॉलिथिनचे असते. त्यांची घनता एका घनसेंटिमीटरला ०.९० ते ०.९६ ग्रॅम, म्हणजे पाण्यापेक्षा कमी. बाटली ज्या प्लॅस्टिकची असते त्याचे नाव पॉलिएथिलीन टेरेप्थॅलेट. एवढे लांब नाव कोण घेणार? म्हणून सगळे त्याला ‘पेट’ म्हणतात. त्याची घनता सुमारे १.३८. मग ते बुडेल नाही तर काय!

आता पाण्यात मीठ विरघळवत जा, अगदी विरघळेनासे होईपर्यंत. या पाण्याची घनता सुमारे १.२ होते. दह्याच्या किंवा आइस्क्रीमच्या काही टणक, चटकन तडकणाऱ्या कपांचे प्लॅस्टिक पॉलिस्टायरीन असते. ते साध्या पाण्यात बुडते, पण या मिठाच्या पाण्यात तरंगते. पेट इथेही बुडते, आणि नळाच्या पांढऱ्या-करड्या पाइपांचे पीव्हीसीही बुडते. एक बादली आणि मीठ यांवर तुम्ही प्लॅस्टिकच्या तीन जाती वेगळ्या केल्यात. प्लॅस्टिकवर पुन्हा प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांत बाटल्यांचा चुरा पाण्याच्या मोठ्या हौदात टाकतात, तेव्हा हाच प्रयोग टनांच्या हिशेबाने चाललेला असतो. वर आलेली झाकणे एकीकडे काढून घेतात आणि तळाचे पेट दुसरीकडे.

या पेटचे रायगड जिल्ह्याशी जुने नाते आहे. मुंबई-पुणे रस्त्यापासून जवळच, खालापूर तालुक्यात पाताळगंगा नदीच्या काठी औद्योगिक वसाहत आहे. तेथे १९८२ साली रिलायन्सने पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू केला. पॉलिएस्टर आणि पेट हे रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकच. टेरेप्थॅलिक आम्ल आणि एथिलीन ग्लायकॉल यांची साखळी जोडायची; तिचा रस बारीक छिद्रांतून ओढला की धागा होतो, साच्यात फुगवला की बाटली होते. तुमच्या गणवेशाच्या टेरिकॉटमधला न चुरगळणारा भाग आणि धबधब्याखाली कोणीतरी टाकून दिलेली बाटली ही सख्खी भावंडे आहेत. म्हणूनच बाटलीचा पुन्हा धागा करता येतो. २०१५ च्या विश्वचषकात भारतीय क्रिकेट संघाने अशाच धाग्याचा पोशाख घातला होता.

पण एक अडचण आहे. पेट वितळवायला सुमारे २६० अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि त्या उष्णतेत चुऱ्यात ओल राहिली असेल तर पाण्याचे रेणू पेटच्या साखळ्या मधोमध तोडतात. साखळ्या आखूड झाल्या की धागा कच्चा पडतो. चुऱ्यात पीव्हीसीचे थोडेसे तुकडे शिरले तर आणखी पंचाईत. पीव्हीसी त्या तापमानाला टिकतच नाही. त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो, साखळ्या तुटतात आणि माल पिवळा पडतो. आणि पाण्याच्या हौदात तर ही दोन्ही एकदमच बुडतात! ती वेगळी करायला माणसाचा डोळा लागतो किंवा महागडी यंत्रे. प्लॅस्टिक गोळा करणारी मंडळी ‘धुऊन, वाळवून, वेगळे करून द्या’ असा धोशा लावतात, तो उगीच नव्हे.

आता बाटली सोडून वेफर्सच्या पुडीकडे वळू. खरा घोळ तिथे आहे. पुडी आतून चांदीसारखी चमकते. बाहेर छापलेला एक पातळ थर, आत दुसरा थर आणि त्यांच्यामध्ये ॲल्युमिनिअमचा लेप. हा लेप मिलिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाइतकाच जाड. हवा, दमट आणि उजेड आत येऊ नयेत म्हणून ही सारी योजना. वेफर्स महिनोन्‌महिने कुरकुरीत राहतात, यात शंका नाही. पण एकदा चिकटवलेले हे थर पुन्हा सोडवणे जवळजवळ अशक्य असते. बुडवून, तरंगवून काही उपयोग नाही.

मग वजनाचे गणित पाहा. लिटरभर पाण्याच्या बाटलीचे वजन सुमारे २० ग्रॅम. पन्नास बाटल्या वेचल्या की किलो होतो आणि भंगारवाला त्याचे पैसे देतो. लहान पुडीचे वजन दोन-तीन ग्रॅम. किलो भरायला चारशे-पाचशे वेळा वाकायचे, आणि इतके करून भंगारवाला ती घेतच नाही. कर्जतजवळच्या भिवपुरीच्या किंवा खोपोलीच्या झेनिथ धबधब्याशी पावसाळ्यातल्या रविवारनंतर जाऊन पाहा. बाटल्या कोणीतरी वेचून नेलेल्या दिसतील, पुड्या तिथेच राहिलेल्या असतील. पुढच्या पावसात त्या वाहून जातात. कर्जत तालुक्यातल्या उल्हास नदीत, तिथून नेरळ, बदलापूर, कल्याण करीत वसईच्या खाडीत. खालापूरच्या पाताळगंगेत, तिथून धरमतरच्या खाडीत. दोन्ही नद्यांच्या काठी माणसे तेच पाणी पितात, हे सांगायला नकोच.

बाटल्यांनाही किंमत आहे खरी, पण तिला वाहतूक खाऊन टाकते. एक घनमीटर जागेत १,००० लिटर मावतात. लिटरच्या बाटल्या मध्ये जरासुद्धा फट न ठेवता रचल्या, तरी हजारच बसतील. वजन भरेल अवघे २० किलो! तेवढ्याच जागेत पाणी भरले तर ते १,००० किलो होते. म्हणजे न चेपलेल्या बाटल्यांनी भरलेला टेम्पो खरे तर हवाच वाहून नेत असतो. डोंगरातल्या वाडीवरून कर्जत किंवा खोपोलीपर्यंत टेम्पो आणायचा, त्यात डिझेल जाळायचे आणि हाती यायचे वीस-चाळीस किलो. कोणता व्यापारी हे करील? एका घराने, एका शाळेने किंवा एका ग्रामपंचायतीने ठरवून हे जमत नाही. त्याचे कारण आळस नसून हा हिशेब आहे. अनेक गावांनी माल साठवून एका दिवशी बाहेर काढला, वाटेत तो दाबून त्याच्या गाठी बांधल्या, तरच गाडी परवडते. ‘भागीदारी’ हा मोठा शब्द वापरतात तो एवढ्याचसाठी.

अशा भागीदाऱ्या महाराष्ट्रात उभ्या राहिल्या आहेत. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांनी १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना बांधली. तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली, आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून तिचे सभासद घरोघरचा कचरा वेगळा करून नेऊ लागले. त्या संस्थेने पुढे एका मोठ्या कंपनीशी हात मिळवून बिनकिमतीच्या पुड्याही गोळा केल्या. वेचणाऱ्यांना त्याचे पैसे मिळाले, हे त्यातले विशेष. पुण्याच्याच ‘रुद्र’ या संस्थेने घराघरातून कोरड्या पिशव्या जमवून, हवेशिवाय तापवून त्यांपासून तेल काढण्याचा मार्ग धरला.

कर्जतला अधिक जवळचा धडा आला तो सिंधुदुर्गातून. वेंगुर्ला नगरपरिषदेने घरातूनच कचरा अनेक प्रकारांत वेगळा करून घ्यायला सुरुवात केली आणि कचऱ्याचे ढीग असलेल्या जागेचे उद्यान केले. ज्या पिशव्यांना गिऱ्हाईक नव्हते त्या चुरून डांबरी रस्त्यांना वापरल्या. ही रीत मदुराईचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांची. सुमारे १६० ते १७० अंशांना तापवलेल्या खडीवर प्लॅस्टिकचा चुरा टाकला की तो मऊ होऊन खडीला चिकटतो, आणि त्यावर डांबर घट्ट बसते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वेंगुर्ल्याचे मुख्याधिकारी रामदास कोकरे पुढे कर्जत आणि माथेरानला बदलून आले, तेव्हा कचरा घरातच वेगळा करण्याची ही शिस्तही त्यांच्याबरोबर आली.

पण नगरपरिषदेच्या हद्दीबाहेरच्या वाड्या-पाड्यांचे काय? २०१६ च्या केंद्र सरकारच्या नियमांनी प्लॅस्टिक कचऱ्याची जबाबदारी प्रथमच ग्रामपंचायतींवरही टाकली, आणि पुड्या बनवून त्यांत माल विकणाऱ्या कंपन्यांवरही. म्हणजे जी पुडी भंगारवाला घेत नाही, तिच्या गाडीभाड्याला पैसा कोठून यावा याचे उत्तर कायद्यात तरी आहे. मला विचाराल तर सगळ्या गोष्टीतला हा कळीचा मुद्दा आहे. रस्त्यात किंवा तेलात रूपांतर झाले तरी पुडीची पुन्हा पुडी होत नाही. तेव्हा ती बनवणाऱ्यानेच तिच्या शेवटच्या प्रवासाचे भाडे भरावे हे न्याय्य आहे.

गाडी येत नाही तोवर गावात काय होते, तेही नीट पाहा. थंडीच्या दिवसांत सकाळी आंघोळीच्या पाण्याच्या बंबात आणि कित्येक घरी चुलीतही पिशव्या, पुड्या, तुटक्या चपला जातात. चटकन पेट घेतात म्हणून. कमी उष्णतेत अर्धवट जळालेल्या प्लॅस्टिकचा काळा धूर फुप्फुसांना वाईट. त्यात पीव्हीसी असेल तर आम्लवायू सुटतो आणि डायॉक्सिन नावाची अतिविषारी द्रव्ये तयार होऊ शकतात. आणि बंबाजवळ सर्वांत जास्त वेळ कोण बसते? आई, आजी, नाहीतर तुम्हीच.

शाळेत करण्यासारखे एक काम सांगतो. वर्गात एक कोरडे पोते टांगा. महिनाभर घरच्या फक्त पुड्या आणि पिशव्या त्यात आणा. खरकटे पाणी वाया जातेच, त्यात विसळून आणि दोरीवर वाळवून. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. तो चिमुकला त्रिकोण कोणाच्याच हाती लागत नाही. महिन्याच्या शेवटी पोत्याचे वजन वाण्याच्या काट्यावर करा आणि मुलांच्या संख्येने भागा. मग पटावरून गावातल्या घरांचा अंदाज घ्या आणि गुणा. गावाचे एका महिन्याचे वजन हाती येईल. शेजारच्या तीन-चार शाळांनीही हेच केले, तर किती दिवसांनी एक टेम्पो भरेल हे तुम्हांला सांगता येईल. तो आकडा कागदावर मांडा आणि गुरुजींना बरोबर घेऊन पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा.