तेलाच्या टाकीला गंज का चढतो?

गेल्या जुलैत मी आमच्या वर्गातील वीस विद्यार्थी घेऊन भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्यात गेलो होतो. तेथे रसायने साठविण्याच्या पोलादी टाक्या बनवितात. मुलांना रंगकाम पाहावयाचे होते. रंगाचे डबे मांडलेले, कॉम्प्रेसर जोडलेला, फवारणीची बंदूक घेऊन कारागीर उभा. पण काम बंद! फोरमन म्हणाले, "सर, आज सकाळी रंग नाही. पत्रा थंड आहे." पत्रा थंड म्हणजे किती, हे पाहण्यासाठी एका मुलाने पटकन त्यावर पंजा टेकला. फोरमन जवळजवळ ओरडलेच, "अरे, हात लावू नको!"

रंग लावण्यापूर्वी पत्र्याचे तापमान का पाहावयाचे? आणि लोखंडाला हात लावला तर बिघडते काय? विद्यार्थी मित्रांनो, या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना आपल्याला भोसरीहून थेट समुद्रावर जावे लागणार आहे.

निगडीच्या पंपावर ट्रकमध्ये जे डिझेल भरतात, त्याचा प्रवास आठवून पाहा. परदेशांतून आलेले खनिज तेल प्रचंड तेलवाहू जहाजांतून मुंबई बंदरातील जवाहर द्वीपावर उतरते. तेथून ते नळांवाटे माहुलच्या शुद्धीकरण कारखान्यांत जाते. तयार झालेले इंधन मुंबईहून नळवाटेने घाट चढून पुण्याजवळ लोणी काळभोरला येऊ शकते आणि पुढे टँकरने पंपावर पोचते. म्हणजे चाकणच्या रस्त्यावर धावणाऱ्या ट्रकचे नाते जहाजाच्या पोटातील टाकीशी आहे.

आता कोणीतरी नक्की विचारील, की तेलाच्या टाकीला गंज चढेलच कसा? घरी आजी अडकित्त्याला नि विळीला तेलाचे बोट लावून ठेवते, ते गंजू नये म्हणूनच ना? शंका अगदी रास्त आहे. टाकीत शुद्ध तेल काठोकाठ भरून कायमचे ठेवले असते, तर आजीचाच नियम तेथेही लागू पडला असता. पण खनिज तेल म्हणजे नुसते तेल नव्हे. त्यात थोडे खारे पाणी असते, गंधकाची संयुगे असतात, आणि सडक्या अंड्याच्या वासाने तुमच्या परिचयाचा असलेला हायड्रोजन सल्फाइडही असतो. शिवाय टाकी कधी अगदी काठोकाठ भरत नाहीत. तेलाच्या वर पोकळी उरते. तेथे हवा राहिली तर तेलाच्या वाफेशी मिसळून स्फोट होईल, म्हणून जहाजाच्या बॉयलरमधील धूर धुऊन, थंड करून त्या पोकळीत भरतात. या वायूत मुख्यतः नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड असतो. ऑक्सिजन ८ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये, असा नियम आहे. स्फोटासाठी तेवढा ऑक्सिजन अपुरा आहे. गंजासाठी मात्र तो भरपूर झाला! त्या वायूबरोबर पाण्याची वाफ आणि थोडा सल्फर डायऑक्साइडही येतो.

दिवसा उन्हाने डेक तापतो. रात्री तो निवतो आणि त्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे टाकीच्या छताला, पाण्याचे थेंब लगडतात. आमटीच्या पातेल्यावरचे झाकण उचलून पाहिलेत तर जे दिसते तेच. पण हे थेंब साध्या पाण्याचे नसतात. वरील वायू विरघळून ते आम्लधर्मी झालेले असतात. दिवस उजाडला की वाफ, रात्र झाली की थेंब, असा हा खेळ वर्षानुवर्षे चालतो. हायड्रोजन सल्फाइडचे गंजाच्या पृष्ठभागावर ऑक्सिडीकरण होऊन गंधक तयार होते. मग गंजाचा एक पापुद्रा, गंधकाचा एक पापुद्रा, अशी पुडी बनते आणि ती सुटून खाली पडते. खाली पुन्हा कोरे पोलाद उघडे! छत असे आतून सोलत जाते.

तळाची कथा वेगळी. खारे पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते. पोलादावर तेलाचा मेणचट थर असतो, तो बहुतेक जागा झाकतो. पण जेथे तो फाटतो तेथे लहानसे धनाग्र आणि भोवती मोठे ऋणाग्र, असा विद्युत्-घट तयार होतो. सगळी झीज त्या एवढ्याशा ठिपक्यावर एकवटते आणि खड्डा सरळ खोल जातो. मधल्या भिंती त्या मानाने सुखी असतात.

हे सारे केवळ हिशेबापुरते नाही. १२ डिसेंबर १९९९ रोजी 'एरिका' हे तेलवाहू जहाज फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ वादळात मोडून दोन तुकडे झाले. त्यात सुमारे ३१,००० टन जड इंधनतेल होते. जहाजावरचे सव्वीसही खलाशी भारतीय होते. हेलिकॉप्टरने सर्वांना वाचविण्यात आले, पण फ्रान्सचा सुमारे ४०० किलोमीटर किनारा काळा झाला. जहाज १९७५ सालचे. आतील पोलाद ठिकठिकाणी गंजून पातळ झाले होते, हे चौकशीत पुढे आले. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस भूमध्य समुद्रात 'कॅस्टर' नावाच्या जहाजाच्या डेकवर वादळात मोठी भेग पडली. टाक्यांत सुमारे २९,५०० टन पेट्रोल! एकेक देश त्याला आश्रय नाकारू लागला आणि एक ठिणगी पडली तर काय, या भीतीने ते महिनाभराहून अधिक काळ समुद्रावर ओढत फिरवावे लागले. तपासात असे दिसले, की टाकीच्या छताकडून डेकचा पत्रा नेहमीपेक्षा कितीतरी अधिक वेगाने झिजला होता.

जहाजातील समुद्राचे पाणी भरावयाच्या टाक्यांसाठी लेपाचे नियम २००६ मध्ये झाले होते. तेलाच्या टाक्यांची पाळी मे २०१० मध्ये आली. लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने खनिज तेल वाहणाऱ्या, ५,००० टन व त्याहून अधिक वहनक्षमतेच्या जहाजांसाठी नियम मंजूर केले. १ जानेवारी २०१३ पासून बांधणीचा करार झालेल्या जहाजांना ते लागू आहेत. लेप १५ वर्षे चांगल्या स्थितीत टिकावा, हे उद्दिष्ट. गंजरोधक पोलाद वापरण्याची वाटही मोकळी ठेवली आहे. यातील गमतीचा भाग असा, की संपूर्ण टाकी रंगविण्याची सक्ती नाही. छत आणि त्याला लागून भिंतींचा वरचा पट्टा, तसेच तळ आणि तळापासून ३० सेंटिमीटरपर्यंतचा भाग, एवढेच! का, ते तुम्ही आता स्वतःच सांगू शकाल. नियम करणाऱ्यांनी निसर्गाचे ऐकले की नियम आटोपशीर होतो, असे मला वाटते.

लेपाची जाडी ३२० मायक्रॉन. वहीचा कागद साधारण १०० मायक्रॉनचा धरला तर तीन कागदांहून किंचित जास्त. मोजलेल्या ठिकाणांपैकी ९० टक्के ठिकाणी ती पूर्ण हवी आणि उरलेल्या ठिकाणीही २८८ मायक्रॉनखाली जाता कामा नये. ती मोजण्याच्या एका साध्या उपकरणाचे तत्त्व तुम्हाला घरी पाहता येईल. कपाटाच्या पत्र्याला लोहचुंबक चिकटवा आणि स्प्रिंगच्या काट्याने ओढून सुटताना किती बल लागते ते लिहा. मग मध्ये एक, दोन, तीन कागद घालून तेच करा. बल आणि जाडी यांचा आलेख काढलात की तुमचे जाडीमापक तयार झाले.

जाडी सपाट पत्र्यावर सहज साधते. खरी पंचाईत कडांवर होते. ओल्या रंगाचा पृष्ठताण त्याला धारदार कडेवरून दोन्ही बाजूंना ओढून नेतो. कडेची वक्रता-त्रिज्या जितकी लहान, तितका तेथील द्रवाचा दाब अधिक. म्हणून रंग तेथून पळतो आणि नेमकी कड उघडी पडते. जुन्या लोखंडी खाटेचा गंज पाहा, तो कडेपासूनच सुरू झालेला असतो. म्हणून नियम सांगतो, की कडा घासून २ मिलिमीटर त्रिज्येच्या गोल करा. कडेची त्रिज्या मूळची ०.१ मिलिमीटर असेल, तर ती वीसपट होऊन हा दाब विसाव्या हिश्शावर येतो! शिवाय कडा आणि वेल्डिंगचे सांधे यांवर वेगळे हात मारावे लागतात. कारखान्यात याला स्ट्राइप कोट म्हणतात.

चाकणच्या मोटार कारखान्यांत हीच अडचण निराळ्या रीतीने सोडवितात. तेथे गाडीची अख्खी काया रंगाच्या हौदात बुडवून, तिला ऋणाग्र करून काही शे व्होल्टचा दाब देतात. रंगाचे धनभारित कण तिच्याकडे धावतात. लेप जेथे बसला तेथे विद्युत्-रोध वाढतो, मग प्रवाह आपोआप उघड्या जागांकडे वळतो आणि पोकळ्यांच्या आतही रंग शिरतो. हा थर अवघा वीसएक मायक्रॉनचा. जहाजाची टाकी मात्र बुडविणार कशात? तेथे माणसानेच आत उतरून कोपरान् कोपरा फवारला पाहिजे.

आता फोरमनच्या हुकमाकडे वळू. त्या सकाळी शेडमधील हवा २५ अंश सेल्सिअस होती, सापेक्ष आर्द्रता ८० टक्के. अशा हवेचा दवबिंदू सुमारे २१.३ अंश येतो. पत्रा रात्रभर निवून २३ अंशांवर होता, म्हणजे दवबिंदूच्या वर जेमतेम १.७ अंश. जहाजांचा नियम म्हणतो, की आर्द्रता ८५ टक्क्यांहून अधिक असेल, किंवा पोलाद दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी गरम नसेल, तर रंग लावू नये. डोळ्यांना पत्रा कोरडा दिसतो. पण रंगातील द्रावक उडताना पृष्ठभाग आणखी निवतो आणि पाण्याचा अदृश्य पडदा रंगाखाली अडकू शकतो. आमच्या सोसायटीचे फाटक आम्ही भर आषाढात रंगविले होते. दिवाळीपर्यंत त्याचे पोपडे निघाले. मी पदार्थविज्ञान शिकवितो, हे त्या वेळी कोणाला सांगायची सोय उरली नव्हती.

आणि हात? तळहाताच्या घामात मीठ असते. जहाजाच्या नियमानुसार रंगापूर्वी पोलादावर विरघळणारे क्षार दर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाहीत. एक चिमूट मीठ ३०० मिलिग्रॅम धरले, तर तेवढ्यावर ६ चौरस मीटर पत्र्याची मर्यादा संपली! मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात, हे परासरण तुम्ही शिकला आहात. रंगाचा थरही असाच अर्धपार्य पडदा आहे. खाली मिठाचा कण असला की बाहेरचे पाणी थरातून आत खेचले जाते, फोड येतो आणि फोडाखाली गंजाचे काम बिनबोभाट सुरू होते.

दुपारी दोनच्या सुमारास ऊन पडले. पत्रा २५ अंशांवर आला. दवबिंदू जवळजवळ तेथेच होता. फोरमननी वहीत वेळ, तापमान, आर्द्रता टिपून घेतली. जहाजाच्या लेपाच्याही अशाच नोंदी ठेवतात, आणि ती फाइल जहाज असेतोवर जहाजावरच राहते. मग जेथे आमच्या विद्यार्थ्याचा पंजा टेकला होता, तो वीतभर भाग त्यांनी धुऊन, वाळवून, पुन्हा ब्लास्ट करून घेतला. कॉम्प्रेसर त्यानंतर सुरू झाला.