साउंड कार्ड बदलण्यापूर्वी
संगणकातील अंकरूप ध्वनीचे स्पीकर किंवा हेडफोन वाजवू शकतील अशा विद्युत् संकेतांत रूपांतर करणारे साउंड कार्ड एके काळी वेगळे विकत घ्यावे लागे. पुढे ही सोय मदरबोर्डवरच आली आणि सर्वसाधारण श्रोत्याची गरज तेवढ्यावर भागू लागली. मात्र माउस हलवताच हेडफोनमध्ये बारीक खरखर ऐकू येत असेल, तर शेजारच्या भागांचा विद्युत् उपद्रव ध्वनिमार्गात शिरत असण्याचा संभव असतो, आणि अशा वेळी कॅबिनेटबाहेर राहणारे साधे यूएसबी कार्ड आतल्या महागड्या कार्डापेक्षाही सरस ठरू शकते. खोक्यावरील 192 किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 1,92,000 नमुने, या आकड्याला भुलण्याचे कारण नाही, कारण मानवी श्रवणाची मर्यादा सुमारे 20 किलोहर्ट्झ असल्याने तिच्या दुपटीहून अधिक असलेले सीडीचे 44.1 किलोहर्ट्झ ऐकण्यापुरते पुरेसे असतात. स्पीकरच सुमार असतील, तर पैसे आधी तिकडे घालावेत.