औताला भिंत, हत्याराला नवमी

लातूर-नांदेडकडच्या जुन्या माळवदाच्या घरात गॅरेज नव्हतं की स्टोअररूम नव्हती. तरी नांगरापासून खुरप्यापर्यंत सगळा शेतीचा पसारा तिथं बिनबोभाट मावायचा. दगड-मातीची भिंत दोन फुटांहून जाड, कुठं कुठं चार-पाच फूट, आणि ती जाडी वाया जात नसे. फडताळात वाकस, किंकरं, पटाशी. भिंतीच्या पोटात पोकळी राखून केलेल्या बळदात धान्य. भिंत उभारतानाच रोवलेल्या खुंट्यांवर कासरे, चऱ्हाटं, शिवळा. मोठ्या घरांत दरवाजालगतच्या ढाळजेत जू आणि वखर.

पेरणीच्या औताची, म्हणजे तिफणीची, व्यवस्था तर बघण्यासारखी. पेरणी उरकली की ती सोडवायची. चाडं म्हणजे बी सोडायची लाकडी वाटी. तिच्या बुडाला तीन भोकं आणि प्रत्येक भोकातून एक पोकळ नळी थेट फणापर्यंत उतरलेली. उन्हात पडलं तर चाडं तडकतं. नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर केलं आणि पेरताना ते लक्षात आलं नाही, तर सगळ्या रानात दर तिसरं तास कोरं जातं, आणि हे कळतं पीक उगवून आल्यावर! म्हणून चाडं घरात खुंटीला, नळ्या एकत्र बांधून वर तुळईला, आणि फणांची लोखंडी टोकं शेवटायला, म्हणजे धार काढायला, लोहाराकडे. दांडी-रुमणं गोठ्यात राहिलं तरी चालायचं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली. पसारा पोटात घेणाऱ्या भिंतीच माणसांवर कोसळल्या. नुसत्या चिखलात रचलेले दगड आणि डोक्यावर मातीचं जडशीळ माळवद. कित्येक घरांत खणांचा लाकडी सांगाडा उभा राहिला, भिंती तेवढ्या ढासळल्या. पुढं ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घरं मिळाली ती जमिनीच्या हिशेबानं: २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांची. ती भूकंपात टिकावीत अशी बांधली होती आणि त्या वेळी तेच सगळ्यांत महत्त्वाचं होतं. पण पातळ भिंतीत बळद निघत नाही, कोनाडाही नाही. आराखड्यात माणसं धरली, औतं धरायची राहिली, असं माझं मत. लोकांनी मग घराच्या मागं-पुढं मोकळ्या जागेत पत्र्याची शेडं टाकली. काहींनी त्यासाठी पडक्या घराचीच लाकडं आणली.

भिंत गेली तरी आवराआवरीचा दिवस मात्र गेला नाही. आश्विन शुद्ध नवमी ही खंडेनवमी. घरातलं प्रत्येक हत्यार बाहेर काढायचं, धुऊन-पुसून रांगेत मांडायचं, हळदी-कुंकू आणि झेंडू वाहायचा. कुठल्या कुऱ्हाडीचा दांडा सैल झालाय, कुठला विळा बोथट, कुठलं खुरपं शेजारी गेलं ते परत आलंच नाही, हे सगळं एका सकाळीत उघड होतं. मुहूर्तही चोख साधलेला: सोयाबीनची काढणी आणि रब्बी ज्वारीची पेरणी याच सुमारास.

अशीच आवराआवर नांदेडलाही होते: तख्त सचखंड श्री हजूर साहिब या गुरुद्वाऱ्यात दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान होतं. भाविक घागरींनी गोदावरीचं पाणी आणतात, परिसर धुतात, आणि जपून ठेवलेली शस्त्रं बाहेर काढून स्वच्छ केली जातात. गुरु गोविंदसिंगांचं निर्वाण नांदेडला १७०८ साली झालं आणि यातली काही शस्त्रं त्या काळातली मानली जातात. तीनशे वर्षांपूर्वीचं पोलाद टिकवायचं तर नेमानं हात फिरवावाच लागतो.

खंडेनवमीच्या रांगेत आता फवारणीचा पंप, पान्यांचा सेट, ट्रॅक्टर आणि मोटारसायकलही असते. या पद्धतीत एकच खोट आहे. विहिरीवर विजेची मोटार बसून जमाना झाला तरी काही घरांत मोटेचं चाक दरवर्षी निघतं, धुतलं जातं, कुंकू लावून परत शेडात जातं. पुजलेली वस्तू भंगारवाल्याला द्यायला कुणाचा हात होत नाही.