ठेक्यावरचा खटला

नुसता ठेका कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो काय? इंग्लंडात १९९४ साली सापडला! रात्री उघड्यावर भरणारे नाचाचे मेळे, ज्यांना 'रेव्ह' म्हणत, ते उठविण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला. आणि कायद्याने संगीताच्या व्याख्येत पुन्हा पुन्हा पडणाऱ्या ठोक्यांचाही समावेश केला.

निमित्त घडले मे १९९२ मध्ये. माल्व्हर्न डोंगरांच्या पायथ्याशी, कॅसलमॉर्टनच्या माळावर २०,००० हून अधिक माणसे जमली आणि विजेच्या वाद्ययंत्रांवर जवळजवळ आठवडाभर नाचली. गावकऱ्यांची झोप उडाली. त्यांची तक्रार काही खोटी नव्हती. अशा मेळ्यांत मादक गोळ्यांनी काहींचे प्राणही घेतले.

तरीही पन्नाशी ओलांडलेली ती मंडळी आज हळवी होतात. त्यांना आठवतो तो गोंगाट नव्हे. आठवतो ऐनवेळी फोनवर कळलेला पत्ता, हमरस्त्यावरची मोटारींची रांग, आणि अनोळखी पावलांना पहाटेपर्यंत लाभलेली एकच लय. तू कोण, कुठला, हे कुणी विचारीत नसे. सप्ताहात रात्रभर टाळ धरलेल्या माणसाला हे निराळे सांगावे लागणार नाही.

आज तेच संगीत तिकीट काढून खुशाल ऐकता येते. माळावर मात्र तिकीट नव्हते.