शेताच्या बांधावर गाढव कोरलेला दगड दिसला, तर हलवू नका. आधी हे वाचा

पनवेल-उरणच्या पट्ट्यात फिरताना एखाद्या बांधावर, देवळामागे किंवा तळ्याच्या काठी एक उभा दगड दिसू शकतो. वर सूर्य-चंद्र कोरलेले. मध्ये झिजलेली अक्षरं, नाहीतर नुसतीच कोरी जागा. आणि खाली एक गाढव आणि एक बाई अशा अवस्थेत, की बघणारा पटकन नजर वळवतो. कुठे लोकांनी त्याला शेंदूर लावून देव केलेलं असतं, कुठे अपशकुनी म्हणून पालथा घातलेला असतो.

या दगडाला गद्धेगाळ म्हणतात. गाळ म्हणजे शिवी.

विषय असा आहे की हजारेक वर्षांपूर्वी उत्तर कोकणावर शिलाहार राजांचं राज्य होतं. राजा देवळाला किंवा एखाद्या माणसाला जमीन दान द्यायचा, तेव्हा तो हुकूम ताम्रपटावर नाहीतर दगडावर कोरला जायचा. सूर्य-चंद्राचा अर्थ, ते आकाशात आहेत तोवर हे दान चालेल. आणि खालच्या चित्राचा अर्थ, जो हे दान मोडेल त्याला आईवरून शिवी. तीसुद्धा सरकारी. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही ती कळावी म्हणून चित्र. आजच्या 'अतिक्रमण करू नये' या पाटीपेक्षा हा बंदोबस्त नक्कीच कडक होता.

उरणजवळच्या चाणजे गावचं उदाहरण घ्या. तिथे शिलाहार राजा सोमेश्वराचा शके 1182 चा, म्हणजे इ.स. 1260 चा शिलालेख मिळाला. गावातल्या एका बागेचं ठरलेलं उत्पन्न, 162 द्रम्म, ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवाला दिल्याची नोंद त्यात आहे. द्रम्म म्हणजे तेव्हाचं नाणं. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वी उरणमधली एक बाग वर्षाला किती पैसे देत होती, हे आपल्याला आकड्यात माहीत आहे. रणवडचा लेख याच राजाचा, आदल्याच वर्षीचा.

आता मुद्द्याचं. असा दगड बांधावर उभा असतो तेव्हा तो सांगतो की दान दिलेली जमीन बहुधा इथेच कुठेतरी होती. तोच उचलून देवळाच्या ओट्यावर किंवा फार्महाऊसच्या गेटजवळ ठेवला, की ते शिल्प होतं. दगड शाबूत राहतो, पण पत्ता गेलेला असतो. आणि तो पत्ता पुन्हा कुठल्याही प्रयोगशाळेत मिळत नाही.

पनवेलमध्ये ही गोष्ट जास्त घाईची आहे. 1970 मध्ये सिडको आली, 2013 मध्ये नैना क्षेत्र जाहीर झालं, ऑक्टोबर 2025 मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. भाताची खाचरं भरावाखाली जातायत. जेसीबीवाल्याला बांधातला दगड म्हणजे दगडच.

मग नोंद करणार कोण? पुरातत्त्व खात्याची माणसं प्रत्येक बांधावर पोहोचणं शक्य नाही. रत्नागिरीत हे काम हौशी माणसांनी करून दाखवलंय. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं सड्यांवर चालत राहिले, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारत राहिले आणि शेकडो कातळशिल्पं नोंदली गेली. त्यातली बरीच खासगी जमिनीत आहेत. 2022 मध्ये कोकण-गोव्यातली निवडक ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. इकडे रायगड जिल्ह्यात सापडलेल्या चार गद्धेगाळांवर कुरुश दलाल आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये शोधनिबंध लिहिला.

या कामात खणायचं काहीच नसतं. सगळं जमिनीच्या वर.

भातकापणी झाली की रान मोकळं होतं, गवत वाळतं, राब भाजल्यावर तर जमीन स्वच्छ दिसते. डिसेंबर ते मे हाच मोसम. मालकाची परवानगी घ्यायची. चार-पाच जणांनी दहा-दहा पावलांचं अंतर ठेवून रांगेत चालायचं आणि खाली बघायचं. खापराचे तुकडे, घडीव चिरे, जुन्या विटा, आटलेली विहीर. खारजमिनीत जुने बांध आणि भरतीचं पाणी अडवणारी उघाडी. जे दिसेल त्याचा जीपीएस बिंदू घ्यायचा, शेजारी पट्टी ठेवून चारही बाजूंनी फोटो काढायचे, दगडाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते लिहायचं, गट नंबर महाभूनकाशावरून जुळवायचा.

आणि शेताचं नाव विचारायचं. हे लोक हमखास विसरतात. सातबाऱ्यावर बऱ्याचदा नुसता आकडा असतो, पण घरातल्या आजीला त्या तुकड्याचं नाव माहीत असतं. ते नाव देवाच्या किंवा मठाच्या जमिनीचं निघालं, तर अर्धं काम झालं.

अक्षरं दिसत नाहीत म्हणून खडू, पीठ किंवा तेल चोळायचं नाही. संध्याकाळी बाजूने तिरपा टॉर्च मारा, सावलीत अक्षरं आपोआप उठून येतात. कागदावरचा ठसा जाणकारालाच घेऊ द्या.

आता शेतकऱ्याची भीती. 'नोंद झाली की सरकार जमीन घेणार.' ही भीती हवेतली नाही. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई असते आणि पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. पण हे लागू होतं ते स्मारक अधिसूचना काढून संरक्षित झाल्यावर. एखाद्या गटाने वहीत दगड लिहून घेतल्याने सातबारा बदलत नाही. जमिनीत पुरलेलं काही वर आलं, तर मात्र 1878 चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. दहा रुपये ही मर्यादा ब्रिटिशांच्या काळातली, पण कायदा तोच. हे सगळं मालकाला आधीच मोकळेपणाने सांगितलेलं बरं. लपवलं तर पुढच्या वेळी तो बांधावर उभं करणार नाही, आणि ते योग्यच.

शेवटचं, खास तुमच्यासाठी. रील टाकायची तर टाका, पण लोकेशन टाकू नका. गद्धेगाळाखाली गुप्तधन असतं ही समजूत गावोगाव आहे. खाली धन नसतं, जमिनीचा हिशोब असतो, पण हे रात्री पहार घेऊन येणाऱ्याला कोण सांगणार? नेमकी जागा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला किंवा विद्यापीठातल्या अभ्यासकांना कळवा. फोटो आणि नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या, एक शेताच्या मालकाला. उद्या जमीन विकली गेली, तरी दगड कुठे उभा होता हे सांगणारा कागद त्या घरात राहील.