शाळा सुटल्यानंतरचे दोन तास

संक्रांत सरली की शाळांतून गुणगौरवाचा हंगाम सुरू होतो. छत्रपती संभाजीनगरात ज्या शाळांना परवडते त्या संत एकनाथ रंगमंदिर किंवा सिडकोतले संत तुकाराम नाट्यगृह भाड्याने घेतात; बाकीच्यांचे मांडव शाळेच्याच आवारात पडतात. क्रम सगळीकडे ठरलेला. आधी दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग पाहुण्यांचे शाल-श्रीफळ, मग त्यांची लांबलचक ओळख, आणि नऊवारीत किंवा मावळ्याच्या वेशात तासभर अवघडून बसलेली मुले पेंगायला लागतात तेव्हा कुठे नावे पुकारली जातात. शिष्यवृत्तीधारक, एलिमेंटरी-इंटरमिजिएटमध्ये श्रेणी मिळवलेले, विभागापर्यंत धडक मारलेला कबड्डीचा संघ, विज्ञान प्रदर्शन, वक्तृत्व, हस्ताक्षर. प्रमाणपत्र छापील असते. नावापुरती मोकळी सोडलेली ओळ शाळेतल्या सुंदर अक्षराच्या बाईंनी आदल्या रात्री भरलेली असते. ढाल फोटोपुरती मुलांच्या हातात येते आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात जाते. या सोहळ्याची टिंगल करणे सोपे आहे आणि ते मला करायचे नाही. प्रश्न आहे तो पुकारल्या जाणाऱ्या यादीचा. ती मोजते काय? बुद्धी, कष्ट, आवड हे तिच्यात असतेच. पण मुकुंदवाडीसारख्या भागात उभे राहून ती वाचली, तर त्याच्याही आधी तिने वेळ मोजलेला दिसतो: शाळा सुटल्यानंतर मुलाच्या स्वतःच्या हातात उरलेला वेळ.

मुकुंदवाडी हे मूळचे गाव. 1970 च्या दशकात सिडको आली, चिकलठाण्याची एमआयडीसी वाढली, 1982 मध्ये महापालिका झाली आणि गाव शहराच्या पोटात गेले. जालना रोडने विमानतळाकडे निघाले की ते लागते. आत दाट वस्त्या, आणि मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरचे एक छोटे स्टेशन. 2019 च्या दुष्काळात या स्टेशनाची बातमी जगभर गेली. रॉयटर्सच्या वार्ताहरांनी तेव्हा नोंदवलेली गोष्ट अशी: वर्गातली इतर मुले शाळा सुटल्यावर खेळायला जात, आणि इथली नऊ-दहा वर्षांची काही मुले रिकामी भांडी घेऊन गाडी पकडत. शहराच्या मुख्य स्टेशनावरच्या नळावर ती भरायची आणि परतीच्या गाडीने घरी आणायची. जाऊन-येऊन सुमारे 14 किलोमीटर. गाडीला गर्दी, आणि तिला उशीर झाला की तोही यांच्याच खात्यात. पुढच्या वर्षी, डिसेंबर 2020 मध्ये, शहराच्या 1,680 कोटींच्या नव्या पाणीयोजनेचे भूमिपूजन झाले. खर्चाचा आकडा नंतर वाढत गेला. पाण्याची चर्चा हा या शहराचा कायमचा विषय आहे, त्यात इथे शिरायचे कारण नाही. लेखासाठी महत्त्वाचे आहे ते घड्याळ. ती मुले गाडीत होती, त्याच वेळी शहरात दुसरीकडे कोणी स्केटिंगला होते, कोणी तबल्याला, कोणी शिष्यवृत्तीच्या क्लासला. पाण्याची गाडी हे टोकाचे उदाहरण झाले. धाकट्या भावंडाला सांभाळणे, आई कामावरून येईपर्यंत भात टाकून ठेवणे, बापाच्या हातगाडीवर संध्याकाळी उभे राहणे, यांची बातमी होत नाही; पण तास तेवढेच जातात.

यादीतला एकेक सन्मान या दृष्टीने तपासून पाहावा. कला संचालनालयाच्या चित्रकला परीक्षांचेच घ्या. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात: ‘अ’ श्रेणीला 7, ‘ब’ला 5, ‘क’ला 3. परीक्षेला वस्तू समोर ठेवून चित्र काढावे लागते, आठवणीतून प्रसंग उभा करावा लागतो, संकल्पचित्र रंगवावे लागते, भूमिती आणि अक्षरलेखन येते. यातले काहीही ‘आयत्या वेळी बघू’ म्हणून जमत नाही. रंग सपाट आणि डागाविना बसायला लागतो तो सराव, आणि तो करायला घरात पसरून बसता येईल एवढी जागा, रंगपेटी, दोन-तीन जाडीचे ब्रश आणि कोणी हाक मारणार नाही असा सलग वेळ. खेळाडूंनाही स्पर्धेच्या स्तराप्रमाणे सवलतीचे गुण आहेत. महापालिका स्तर, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशी ती शिडी. गारखेड्याला विभागीय क्रीडा संकुल आहे, विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. शहर या बाबतीत दरिद्री नाही. पण तिथवर रोज पोचवायला घरात दुचाकी आणि ती चालवणारा रिकामा माणूस लागतो. शिष्यवृत्ती परीक्षेत गणित आणि बुद्धिमत्तेचे प्रश्न असे असतात की सरावसंच सोडवणारा पुढे जातो. यावर हे सगळे श्रीमंतांचे चोचले आहेत असा निष्कर्ष कोणी काढील. तो चूक आहे. मुद्दा इतकाच की शाळा ज्याचा गौरव करते, त्यातला मोठा भाग शाळेत शिकवलाच जात नाही. तो बाहेर, कुणाच्या तरी फीवर आणि कुणाच्या तरी फुरसतीवर घडतो. शाळा फक्त नाव पुकारते.

हा आक्षेप नवा नाही. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी सरकारी शिष्यवृत्त्यांवर नेमके बोट ठेवले होते. स्पर्धेतून शिष्यवृत्ती देणे तत्त्वतः न्याय्य दिसले तरी त्यामुळे ज्या वर्गांत शिक्षण पोचलेलेच नाही तिथे ते पोचत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. एकाच रेषेवरून सगळ्यांना पळवले म्हणजे न्याय झाला, हे त्यांना मान्य नव्हते. रेषेपर्यंत कोण कसा आला, हे त्यांना विचारायचे होते. आजच्या योजनांत हा विचार थोडाफार उतरला आहे, आणि जिथे उतरला आहे तिथे फरक दिसतो. आठवीतल्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक परीक्षेतून, म्हणजे एनएमएमएसमधून, निवडलेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. ही परीक्षा सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच असून उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख आहे. राज्याच्या पाचवी-आठवीच्या शिष्यवृत्तीची रक्कम 2023 मध्ये वाढून वर्षाला 5,000 आणि 7,500 रुपये झाली; त्याआधीची रक्कम सांगायलाही संकोच वाटावा अशी होती. एनएमएमएसचे महिन्याला हजार रुपये ही हमाली करणाऱ्याच्या किंवा धुणीभांडी करणारीच्या घरात ‘तू कामाला जाऊ नकोस, शीक’ असे म्हणण्याची ताकद आहे. म्हणजे ही शिष्यवृत्ती मुलाला वेळ विकत घेऊन देते. ढाल तसे काही करत नाही.

मग ढालीने निदान उत्साह तरी वाढतो का? यावर बाहेर बरेच प्रयोग झाले आहेत, आणि त्यांचे निकाल आपल्या सोहळ्यांना फारसे सोयीचे नाहीत. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी चित्र काढायला आवडणारी बालवाडीतली मुले निवडली. काहींना आधीच सांगितले की चित्र काढलेत तर रिबिनीचे प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते अचानक दिले. काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिले, तर बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ रंगांपाशी रेंगाळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचे काही बिघडले नाही. कॅलिफोर्नियात 15,329 विद्यार्थ्यांवर केलेला आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग हजेरीच्या बक्षिसांचा होता. आधी जाहीर केलेल्या बक्षिसाने हजेरी वाढली नाही. आणि ज्यांना आधी न सांगता झालेल्या हजेरीबद्दल प्रमाणपत्र दिले, त्यांची गैरहजेरी उलट सुमारे 8 टक्क्यांनी वाढली. ‘अपेक्षेपेक्षा जास्तच येतो आपण’ असा निरोप बहुधा मुलांनी त्यातून घेतला. अचानक दिलेले बक्षीस एका प्रयोगात निरुपद्रवी तर दुसऱ्यात घातक निघाले, आणि चार वर्षांचे मूल व चौदा वर्षांचे मूल एकाच मापाने मोजू नये हेही खरे. पण एका गोष्टीवर दोन्ही प्रयोग एकत्र येतात. बक्षीस मुलाला कामाकडे ओढून आणील, हा आपला भरवसा फोल आहे. काम आधी लागते. ते करायला मिळाले पाहिजे.

इथे पहिला आक्षेप ठरलेला आहे: स्पर्धा काढली तर मुले मठ्ठ होतील, जगात पुढे स्पर्धाच आहे. स्पर्धा काढा असे म्हणणेच नाही. खो-खोत कोणी तरी हरणारच. हरण्यात मजा नसती तर गल्लीतला खेळ टिकलाच नसता. मात्र स्पर्धेत उतरायला मिळणे आणि स्पर्धेतून वगळले जाणे यांत फरक आहे, आणि वगळली गेलेली मुले स्पर्धेला भ्यालेली नसतात, ती घरी कामात असतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मजुराच्या घरात लॅमिनेट करून भिंतीवर लावलेले एक प्रमाणपत्र ही क्षुल्लक गोष्ट नाही. त्या घरात शाळेचा शिक्का असलेला तो एकमेव गौरवाचा कागद असू शकतो. हे शंभर टक्के मान्य. म्हणूनच तो कागद वर्षानुवर्षे त्याच पंधरा घरांत जात असेल तर ती बाब गंभीर ठरते. तिसरा आक्षेप हुशार मुलांचा: त्यांच्या कुवतीला साजेसे खाद्य त्यांना मिळायला नको का? मिळायलाच हवे. पुण्यात 1962 मध्ये ज्ञान प्रबोधिनी त्याच विचारातून उभी राहिली. पण प्रबोधिनीने मुले निवडल्यावर वर्षभर त्यांच्याकडून काम करून घेतले; निवडून नुसता हार घालून घरी पाठवले नाही. आपल्याकडे निवड तेवढी उरली.

चौथा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो सर्वांत खरा. जनगणना, मतदारयाद्या, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणे यातून मोकळे झाल्यावर त्यांनी नाटक केव्हा बसवायचे? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात उत्तर होते: सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुले असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक. महाराष्ट्रात हे पद कागदावर, नेमणुकीत आणि कोर्टकचेरीत एवढे हेलपाटले की मुलांपर्यंत ते सलग पोचलेच नाही. वेळापत्रकात चित्रकलेचा तास असतो, पीटीचा असतो, कार्यानुभवाचा असतो. परीक्षा जवळ आली की तिन्ही गणिताकडे वळतात, आणि त्याबद्दल आजवर कोणत्याही पालकाने तक्रार केल्याचे ऐकिवात नाही! राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीला दप्तराविना दहा दिवस सुचवले, राज्याने 2024 मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ काढला. शनिवारची कल्पना चांगली आहे, कारण तो वेळ शाळेच्या आतला आहे. पाण्याला जाणारे मूलही त्या तासाला वर्गात असते. तोच शनिवार गॅदरिंगच्या नाचाच्या तालमीला, तेही निवडलेल्या बारा मुलांच्या, वापरला तर बाकीचे चाळीस जण टाळ्या वाजवायला शिकतात.

मराठवाड्याला तरी या तासांचे मोल नव्याने समजावून सांगावे लागू नये. निजामी राजवटीत शिक्षण उर्दूतून, आणि सभा-संमेलनांवर सरकारची करडी नजर. 1915 मध्ये या शहरात सुरू झालेल्या सरस्वती भुवनसारख्या संस्था, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय यांनी वर्गाबाहेरचे शिक्षण वर्गाइतकेच मोलाचे मानले. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केलेले स्वामी रामानंद तीर्थ आधी हिप्परगा आणि अंबाजोगाईचे शिक्षक होते. अशा शाळांत तालीम आणि वाचन यांना शोभेची वस्तू मानण्याची चैन परवडणारी नव्हती.

आणि वेळ नसलेल्या मुलाचे काय करायचे, याचे उत्तर महाराष्ट्रातच एकदा शोधले गेले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला, नंतर 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले शाळेत येईनात, कारण ती गुरे राखायला जात. तेव्हा शाळाच कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा. गुरे चरताहेत तोवर गाणी, मोजणे, पानाफुलांची ओळख. मुलाला कामावरून सोडवणे त्या घडीला हातात नव्हते; त्याच्या कामाच्या वेळापत्रकात शाळा बसवणे हातात होते. याच शहरात 2021 पासून रीड अँड लीड फाउंडेशनने मोहल्ला बाल ग्रंथालये काढली, तीही याच रीतीची. पुस्तक गल्लीत आले, मुलाला त्यासाठी बस पकडावी लागली नाही.

मुकुंदवाडीतल्या शाळेने यातून घ्यायचे ते फार खर्चाचे नाही. खो-खोला दोन खांब आणि जमीन लागते. सिडकोतच एमजीएमचे अब्दुल कलाम अंतराळ विज्ञान केंद्र आहे. निवडक पाच हुशार मुलांऐवजी अख्खा वर्ग तिथे नेता येतो, फक्त शाळेच्या वेळेत. चित्रकलेच्या परीक्षेचे कागद परीक्षकांकडे जातात, शाळेत परत येते ती एका अक्षराची श्रेणी, आणि गौरवही त्या अक्षराचाच होतो. पण त्याआधी वर्षभर काढलेली, रंग ओघळलेली, घडा तिरका आलेली, कर्कटकाने भोक पडलेली सगळी चित्रे शाळेतच असतात. व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी बांधली आणि कपड्यांचे चिमटे आणले, की सगळ्यांची लावता येतात.